खणणारा कवी आणि वाढणारी भूमी

काव्यातील प्रतिमा वस्तुस्थितीशी कितपत जुळती असावी, हा वाद आपल्याकडील साहित्यचर्चेस नवा नाही. चकोर पक्षी चांदणे पिऊन जगत नाही हे पक्के ठाऊक असूनही चकोराच्या उपमेचा आनंद घेण्यास रसिकास अडचण पडत नाही. आणि ती पडूही नये, कारण कवीस सृष्टिविज्ञानाची परीक्षा द्यावयाची नसते. इतके मान्य करूनही एका प्रकारच्या प्रतिमेविषयी ही सवलत अपुरी पडते असे वाटते. ज्या वस्तूवर प्रतिमा उभारली आहे ती वस्तू सजीव असेल, तिचे जगणेमरणे मनुष्याच्या हाती असेल, आणि बहुसंख्य वाचकांस ती वस्तू केवळ त्या प्रतिमेच्याच द्वारे माहीत होत असेल, तर प्रतिमेत काय आले आणि काय राहून गेले ह्याचा हिशेब टीकाकाराने मांडलाच पाहिजे. चकोराच्या उपमेने चकोराचे काही बिघडत नाही. परंतु ज्या भूमीस कवी केवळ ‘गतकालाचे भांडार’ म्हणून गौरवितो, त्या भूमीचे त्या गौरवामुळेच काही बिघडण्याचा संभव असतो. आयरिश कवी शेमस हीनी ह्यांच्या पीटभूमीवरील कवितांचा ह्या दृष्टीने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हीनी ह्यांचा जन्म १९३९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी परगण्यात, मॉसबॉन नावाच्या शेतवाडीवर झाला. त्या परिसराच्या बोलीत ‘मॉस’ म्हणजेच पीटची दलदल. तेव्हा कवीच्या जन्मस्थानाच्या नावातच त्याच्या काव्याचा विषय दडलेला होता असे म्हणण्यास हरकत नाही. १९९५ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले व २०१३ मध्ये ते निवर्तले. आपल्या विद्यापीठांतून इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस त्यांची ‘डिगिंग’ ही कविता बहुधा परिचित असते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच संग्रहातील ही पहिली कविता. बाप बटाट्याच्या शेतात कुदळ चालवितो, आजोबा पीट कापण्यात पंचक्रोशीत अग्रेसर होते, आणि नातू लेखणी हाती घेऊन तिनेच खणण्याचा निश्चय करतो, असा तिचा आशय. ह्या निश्चयास कवी पुढे इतका एकनिष्ठ राहिला की ‘खणणे’ ही केवळ एका कवितेची कल्पना न राहता त्याच्या काव्यदृष्टीचे सूत्रच बनले.

ह्या सूत्राचे पूर्ण रूप १९६९ च्या संग्रहातील अखेरच्या ‘बॉगलंड’ ह्या कवितेत दिसते. अमेरिकेच्या वाङ्मयात पश्चिमेकडील अमर्याद माळरानास जे मानाचे स्थान आहे, ते आयरिश मनात कशाला द्यावे, असा प्रश्न त्या सुमारास कवीस पडला होता, आणि त्याचे उत्तर त्यास पीटभूमीत सापडले. अमेरिकन मनुष्य क्षितिजाकडे आडवा जातो. आयरिश मनुष्यास तसे क्षितिज नाही, म्हणून तो उभा, खाली खाली जातो. थरावर थर उलगडत जाणारी, प्राचीन मृगाचा सांगाडा आणि शतकांपूर्वी पुरलेले लोणी परत करणारी, आणि अखेर जिला तळच नाही अशी ही भूमी कवीने राष्ट्राच्या स्मृतीचे प्रतीक म्हणून उभी केली. १९७४ मधील ‘फीलिंग इन्टू वर्ड्स’ ह्या व्याख्यानात ह्या कल्पनेचा उगम त्यांनी स्वतःच सांगितला आहे. मुलांनी दलदलीतील खड्ड्यांजवळ खेळू नये म्हणून वडीलधारी माणसे त्यांस, ह्या खड्ड्यांना तळ नाही, अशी भीती घालीत. आणि डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील कितीतरी मौल्यवान वस्तू पीटभूमीतूनच निघालेल्या आहेत हेही त्यांच्या मनावर बिंबले होते. बालपणीची भीती आणि संग्रहालयातील चिठ्ठ्या ह्यांच्या संयोगातून एक श्रेष्ठ कविता निर्माण झाली, ह्यात शंका नाही.

आता ही भूमी स्वतः काय आहे ते पाहू. कारण ती आपल्या देशातील वाचकांस प्रत्यक्ष दिसण्याचा योग कमी. आयर्लंडच्या मध्यभागातील सखल प्रदेशात जी पीटभूमी आढळते तिला इंग्रजीत ‘रेझ्ड बॉग’ म्हणतात. आपण तिला उन्नत पीटभूमी म्हणू. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुग ओसरले तेव्हा ह्या प्रदेशात जागोजाग उथळ सरोवरे उरली. काठावरचे बोरू व लव्हाळे मरून पाण्यात साचत गेले, सरोवर भरत आले, आणि वनस्पतींच्या अर्धवट कुजलेल्या अवशेषांचा, म्हणजे पीटचा, थर भूजलाच्या आवाक्याबाहेर वर उठला. ह्यानंतर त्या भूमीस ओढ्याचे अथवा झऱ्याचे पाणी पोहोचेना; तिला आकाशातून पडेल त्या पावसाखेरीज दुसरे पोषण उरले नाही. अशा दरिद्री जागेत बहुतेक वनस्पती जगत नाहीत. परंतु स्फॅग्नम नावाचे एक शेवाळ अशाच जागी फोफावते. त्याच्या अंगातील पोकळ पेशी आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवतात. पाण्यातील अल्पस्वल्प क्षार ते शोषून घेते व त्यांच्या बदल्यात आम्लता सोडते. म्हणजे स्वतःस मानवणारी आणि इतरांस न मानवणारी परिस्थिती ते स्वतःच निर्माण करते. वरचा शेंडा वाढत राहतो, खालचा भाग मरून दबतो, आणि प्राणवायूच्या अभावी पुरता कुजत नाही. अशा रीतीने वर्षास सुमारे एक सहस्रांश मीटर, म्हणजे हजार वर्षांत मीटरभर, ह्या गतीने ही भूमी वर चढते, आणि भोवतालच्या सपाटीवर उपड्या ताटासारखी किंचित फुगलेली दिसू लागते. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. दुधातील घन पदार्थाचे प्रमाण तिच्यातील घन पदार्थाहून अधिक असते, आणि तरीही ती टेकाडासारखी उभी राहते! पाण्याला पाण्यानेच टेकू देऊन शेवाळाने बांधलेली ही वास्तू आहे.

ह्या वर्णनावरून एक गोष्ट वाचकाच्या ध्यानी आली असेल. उन्नत पीटभूमीचे खरे वैशिष्ट्य खोलीत नसून उंचीत आहे. ती खाली गेलेली नाही, वर आलेली आहे. तिला तळ आहे. त्या पुरातन सरोवराच्या तळाची माती आजही तिच्या बुडाशी सापडते. कवितेत ज्याचा उल्लेख आहे त्या महामृगाचे सांगाडे बहुधा ह्या सरोवरतळाच्या मातीतच मिळालेले आहेत, पीटमध्ये नव्हे; पीट साठू लागण्यापूर्वीच तो प्राणी आयर्लंडातून नाहीसा झाला होता. पीटच्या आम्लात हाडे फार काळ टिकतही नाहीत. हा दोष काढून कवितेची किंमत कमी करावी असा आमचा हेतू मुळीच नाही. तळ नसल्याची कल्पना बालमनातील भीतीतून आली आहे, आणि त्या नात्याने ती कवितेत खरीच आहे. परंतु ह्या दोन तपशिलांवरून कवीची नजर कोणत्या दिशेस वळलेली होती ते कळते. तो भूमीत काय आहे हे पाहत होता; भूमी काय करीत आहे हे पाहण्याचे त्यास कारण पडले नाही.

पीटभूमी वस्तू का जतन करते हा प्रश्न आपण विचारला, म्हणजे ह्या फरकाचे महत्त्व कळते. तिच्यात प्राणवायू नाही, थंडी आहे, आणि स्फॅग्नममधून निघणारी द्रव्ये कातडे कमावल्याप्रमाणे मृताची त्वचा टिकवितात. म्हणून तेथे हाडे विरघळली तरी त्वचा, केस आणि नखे शाबूत राहतात. परंतु हे सर्व कोठवर? वरचा थर जिवंत आहे व पाण्याने भरलेला आहे तोवर. पीटभूमीचा हा सजीव थर अवघा वीतभर ते हातभर जाडीचा असतो. तोच पावसाचे पाणी धरतो, तोच पाण्याची पातळी पृष्ठभागाच्या लगत ठेवतो, आणि त्याच्याच पहाऱ्याखाली खालचे कित्येक मीटर पीट हजारो वर्षे निर्वातात सुरक्षित राहते. भूमीच्या कडेने चर खणला की पाणी निघून जाते, शेवाळ सुकते, हवा आत शिरते, आणि हजारो वर्षे न कुजलेले सर्व काही कुजू लागते. तात्पर्य, पीटभूमीस स्मृती म्हणावयाचे असेल तर अवश्य म्हणावे. परंतु ती पेटीत ठेवलेल्या कागदपत्रांसारखी स्मृती नव्हे. ती जगते म्हणून स्मरते. जगणे थांबले की स्मरणेही थांबते. हीनी ह्यांच्या प्रतिमेत ह्या वाक्याचा उत्तरार्ध आलेला नाही, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

हीनी ह्यांच्या पुढील कवितांवर दृष्टी टाकली असता ही उणीव अधिक स्पष्ट होते. १९६९ मध्ये डेन्मार्कचे पुरातत्त्वज्ञ पी. व्ही. ग्लोब ह्यांच्या ग्रंथाचे ‘द बॉग पीपल’ हे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले व ते कवीच्या हाती पडले. १९५० साली सिल्कबोर्गजवळ पीट कापणाऱ्या मजुरांस गळ्यात चामड्याचा फास असलेला जो पुरुष सापडला, तो टोलंडचा मनुष्य, आणि त्याच्यासारखी इतर प्रेते ह्यांची छायाचित्रे त्या ग्रंथात आहेत. ह्या मनुष्यांचे भूमिदेवतेस बळी दिले गेले असावेत, असा ग्लोब ह्यांचा तर्क होता. त्याच सुमारास उत्तर आयर्लंडात यादवी पेटली. पुढील तीस वर्षांत तिने साडेतीन हजारांच्या घरात मनुष्यांचा बळी घेतला. दोन सहस्र वर्षांपूर्वीचे शांत, काळवंडलेले चेहरे आणि आपल्याच गल्लीत पडलेली प्रेते ह्यांतील साम्याने कवी हादरून गेला. १९७२ च्या संग्रहातील ‘द टोलंड मॅन’ ही कविता आणि १९७५ चा ‘नॉर्थ’ हा संग्रह ह्या अनुभवातून उत्पन्न झाले.

‘नॉर्थ’वर त्याच वर्षी बेलफास्टचे कवी किअरन कार्सन ह्यांनी कडक टीका केली. आजच्या खुनांस प्राचीन यज्ञविधीचे रूप दिले की ते अटळ आणि जवळजवळ पवित्र भासू लागतात, आणि खून करणाऱ्याची जबाबदारी धूसर होते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. हा आक्षेप गंभीर आहे व त्यावर अद्यापि वाद चालू आहे. तो वाद मृत मनुष्यांस न्याय मिळाला की नाही ह्याविषयीचा होता, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्याच आक्षेपाचे दुसरे अंग असे की, ज्या भूमीने ही प्रेते सांभाळली तीही ह्या कवितांतून एक देवता बनते: बळी घेणारी, गिळणारी, पोटात ठेवणारी. देवता झाली की तिला मरण नाही. आणि जिला मरण नाही तिचे रक्षण करण्याचे कारणही कोणास पडत नाही. ज्या दशकांत ह्या कविता जगभर वाचल्या जात होत्या, त्याच दशकांत ही देवता यंत्रांखाली भराभर मरत होती.

डेन्मार्कमधून आयरिश पीटभूमीकडे ग्लोब ह्यांच्या ग्रंथापूर्वी एक दुसरीही दृष्टी आली होती, तिचे स्मरण येथे करणे उपयुक्त होईल. निसर्गशास्त्रज्ञ रॉबर्ट लॉइड प्रेगर आदी आयरिश विद्वानांच्या पुढाकाराने क्नूड येसेन हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ १९३४ मध्ये आयर्लंडात आले. पीटच्या प्रत्येक थरात त्या त्या काळच्या वनस्पतींचे परागकण टिकून राहतात. ते मोजून कोणत्या काळी कोणती अरण्ये होती आणि मनुष्याने ती तोडून शेती केव्हा केली हे वाचण्याची विद्या त्यांनी तेथील अभ्यासकांस दिली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या फ्रँक मिचेल ह्यांनी ती पुढे चालविली. दोघेही डॅनिश, दोघांचाही विषय पीट. परंतु एकाने तीत समाधी पाहिली आणि दुसऱ्याने वाढ पाहिली. कवीच्या वाट्यास समाधी आली. वाढ वाट्यास आली असती तर काव्य कमी प्रतीचे झाले असते असे मानण्यास आधार नाही. वर्षास एक सहस्रांश मीटर ह्या गतीने, केवळ पावसाच्या पाण्यावर, आपलेच मृतदेह पायाखाली घेऊन वर चढणारे शेवाळ ही काही कमी भव्य कल्पना नव्हे!

खणण्याच्या प्रतिमेचा आणखी एक परिणाम विचारात घेण्यासारखा आहे. पीटभूमीने आजवर जे जे परत केले ते बहुतेक ती नष्ट होत असतानाच परत केले. टोलंडचा मनुष्य पीट कापताना सापडला. आयर्लंडात २००३ साली मिळालेल्या दोन प्राचीन देहांपैकी क्लोनीकॅव्हनचा मनुष्य पीट काढणाऱ्या यंत्रसामग्रीत आढळला, तर ओल्ड क्रोहनचा मनुष्य पाण्याचा चर साफ करणाऱ्यांच्या नजरेस पडला. आज ते दोघेही डब्लिनच्या संग्रहालयात आहेत आणि लोक त्यांच्यापुढे गंभीर होऊन उभे राहतात. परंतु ह्या प्रत्येक दर्शनाची किंमत भूमीने दिलेली आहे. एका उन्हाळ्यात मनुष्य जेवढ्या खोलीचे पीट कापून नेतो, तेवढे साठण्यास शतके लागलेली असतात. भूमीचे मोल तिच्यातून काय निघते ह्यावर ठरविले, तर पीट जाळणारा आणि प्रेत शोधणारा हे दोघेही एकाच बाजूस उभे राहतात. एकास उष्णता हवी असते, दुसऱ्यास इतिहास, एवढाच फरक.

ह्या भूमीची किती हानी झाली ते आकड्यांवरून कळेल. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात एके काळी सुमारे ३,१०,००० हेक्टर उन्नत पीटभूमी होती. तिच्यापैकी जेथे शेवाळ अजून जिवंत आहे व पीट साठत आहे असा भाग आज एक टक्काही उरलेला नाही. शतकानुशतके खेड्यांतील लोक हाताच्या फावड्याने पीट कापीत. तेवढ्याने कडा झिजल्या. खरा प्रलय यंत्रांनी आणला. १९४६ मध्ये ‘बोर्ड ना मोना’ ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि १९५० पासून पीट जाळून वीज निर्माण होऊ लागली. ह्यामागे दुष्ट हेतू नव्हता. देशात कोळसा नगण्य, अरण्ये शिल्लक नव्हती, महायुद्धाच्या काळात इंधनाचे दुर्भिक्ष सोसलेले. मध्य भागातील हजारो कुटुंबांस ह्या उद्योगाने आपल्याच गावी पोट भरण्याची सोय करून दिली. पुढे ज्ञान वाढले तसे दृष्टिकोण बदलले. पृथ्वीवरील भूभागाच्या केवळ सुमारे तीन टक्के जागा व्यापणाऱ्या पीटभूमींत जगातील सर्व अरण्यांच्या वृक्षराजीहून अधिक कार्बन साठलेला आहे, आणि त्या सुकल्या की तो वायुरूपाने बाहेर पडून हवा तापवितो, हे कळून आले. २०२१ मध्ये ‘बोर्ड ना मोना’ने पीट काढणे कायमचे बंद केल्याचे जाहीर केले, आणि २०२३ च्या अखेरीस पीटवरील वीजनिर्मितीही थांबली.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘खणणाऱ्या आजोबांस तुम्ही अपराधी ठरविता की काय?’ तसे मुळीच नाही. आणि येथेच हीनी ह्यांच्या काव्याची थोरवी मान्य करणे अवश्य आहे. युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशान्वये राखून ठेवलेल्या ५३ उन्नत पीटभूमींवर २०११ मध्ये पीट कापण्याची बंदी कसोशीने अमलात येऊ लागली, तेव्हा खेड्यापाड्यांतून मोठा क्षोभ उसळला. त्यात केवळ इंधनाचा प्रश्न नव्हता. वडिलार्जित हक्क, उन्हाळ्यात साऱ्या कुटुंबाने भूमीवर घालविलेले दिवस, पीटच्या धुराचा वास, हे सर्व एका हुकुमाने हिरावले जात आहे असे त्या लोकांस वाटले. शासनाने नुकसानभरपाई देऊ केली. परंतु आजोबांच्या स्मृतीची भरपाई कोणत्या दराने करावयाची? हे दुःख खरे आहे, आणि ते परक्यासही समजावे इतक्या समर्थ शब्दांत कोणी मांडले असेल तर ते ‘डिगिंग’च्या कवीने. ज्यास ही कविता कळली नाही त्याने पीट कापणाऱ्याशी भूमिरक्षणाची गोष्ट बोलू नये. कारण त्याच्याशी बोलताना प्रथम त्याच्या हातातील फावड्याचा मान राखावा लागतो.

परंतु मान राखणे निराळे आणि तेच आपले अंतिम प्रतीक मानणे निराळे. कवीच्या गावापासून थोड्याच मैलांवर, मॅहेराजवळ, बॅलिनाहोन नावाची एक उन्नत पीटभूमी आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे व्यापारासाठी पीट काढण्याची परवानगी मिळाली व चर खणण्यास आरंभही झाला. तेव्हा परिसरातील लोकांनीच चळवळ करून ते काम थांबविले, चरांना बांध घातले गेले, आणि आज ती राखीव निसर्गक्षेत्र आहे. ऑफली परगण्यातील क्लारा पीटभूमीची कथाही अशीच. तिच्या पूर्व भागात १९८० नंतरच्या दशकातच पाणी काढण्याचे चर खणले गेले होते. परंतु शासनाने ती विकत घेऊन १९८७ मध्ये राखीव केली. आपल्या देशातील जवळजवळ सर्व पीटभूमी गमावून बसलेल्या डच लोकांनी वर्गणी करून आयर्लंडातील काही पीटभूमी विकत घेतल्या व आयरिश शासनाच्या स्वाधीन केल्या. त्या वेळी आयरिश लोकांस जो संकोच वाटला असेल तो त्यांच्या हिताचाच ठरला. २०१६ पासून बारा उन्नत पीटभूमींच्या पुनरुज्जीवनाचे मोठे कार्य हाती घेण्यात आले. त्याचे नावच ‘द लिव्हिंग बॉग’, म्हणजे सजीव पीटभूमी, असे ठेवलेले आहे. ह्या एका विशेषणात जे आहे ते थोर कवीच्या सबंध संग्रहात शोधावे लागते, ह्याचे आश्चर्य वाटते.

ह्या पुनरुज्जीवनाच्या कामाचे स्वरूपही लक्षणीय आहे. त्यात खणावयाचे काही नसते, बुजवावयाचे असते. चरांत पीटचेच बांध घालावयाचे, पाण्याची पातळी वर येऊ द्यावयाची, भूमीवर शिरलेली झाडे काढावयाची, आणि मग स्फॅग्नम परत येण्याची वाट पाहावयाची. जो हे काम आज करतो त्यास ती भूमी पूर्ववत् झालेली दिसणार नाही. त्याच्या नातवासही कदाचित् दिसणार नाही. दारात फुललेल्या गुलाबासारखे ह्या श्रमाचे फळ नसते. कॉटनग्रासचे पांढरे बोंड, शेवाळावरून सरपटणारी क्रॅनबेरीची वेल, आणि वसंतात घरटे करण्यास जागा शोधीत येणारा कुरलू पक्षी, ज्याची आयर्लंडातील वीण अलीकडे अत्यंत रोडावली आहे, एवढाच त्याचा मोबदला. काव्यास हा विषय अयोग्य आहे काय? लेखणीने खणता येते, तसा लेखणीने बांधही घालता येतो. परंतु त्यासाठी कवीस आपल्या आजोबांचे हत्यार खाली ठेवावे लागते, आणि ते कोणत्याही नातवास कठीणच जाते.

ह्या सर्वांशी आपला संबंध काय, असे वाचक विचारील. उन्नत पीटभूमी आपल्या महाराष्ट्रात नाही. तरी तिच्या शेवाळावर कीटक पकडून जगणारी जी चिमुकली वनस्पती आढळते, तिच्याच कुळातील दवबिंदू आपल्या कासच्या पठारावर व कोकणातील सड्यांवर पावसाळ्यात उगवते. दोन्ही ठिकाणी कारण एकच: जमिनीत पोषण नाही, म्हणून वनस्पतीने ते आकाशात उडणाऱ्या किड्यांकडून मिळविले. आणि दोन्ही भूमींचे दुर्दैवही एकच. आपल्या सरकारी दप्तरांत कातळसड्यांची गणना कित्येक वर्षे पडीक जमिनीत होत आली, आणि दलदल हा शब्द तर आपल्या भाषेत निंदेखेरीज वापरलाच जात नाही. मनुष्य कर्जाच्या दलदलीत रुततो, राष्ट्र अनीतीच्या दलदलीत फसते. ज्या भूमीत पीक येत नाही तिला आपण पड म्हणतो आणि जिच्यावर पाय ठरत नाही तिला चिखल म्हणतो. शब्दांनी एकदा असा निकाल दिला, म्हणजे फावड्यास फार वेळ लागत नाही.

हीनी ह्यांनी आपल्या भाषेतील हा निकाल निम्मा फिरविला, हे त्यांचे ऋण विसरता येणार नाही. लोक ज्यास ओसाड चिखल समजत होते त्यास त्यांनी राष्ट्राच्या स्मृतीची प्रतिष्ठा दिली; त्यांच्यानंतर कोणत्याही सुशिक्षित आयरिश मनुष्यास पीटभूमीकडे तुच्छतेने पाहता येत नाही. उरलेला निम्मा निकाल फिरविण्याचे काम पुढील कवींचे आहे. स्मृती ही खाली पडलेली वस्तू नसून वर चालू असलेले जगणे आहे, हे त्यांनी सांगावयाचे आहे. आणि ते केवळ पीटभूमीपुरतेच खरे नाही. आपणही आपल्या परंपरेस ठेवा म्हणतो, भांडार म्हणतो, आणि खणून खणून तिच्यातून रत्ने काढतो. जुन्या वाङ्मयाचे संशोधन अवश्य व्हावे. परंतु ज्या भाषेत आज कोणी नवे लिहीत नाही, ज्या गावात आज कोणी ओवी गात नाही, तेथील ठेवा फार दिवस ठेवा राहत नाही. वरचा थर सुकला की आतले सारे हवा लागून कुजू लागते. आयर्लंडातील त्या शेवाळाने दहा हजार वर्षांचा गतकाल सांभाळला तो त्याची पूजा करून नव्हे, तर दरवर्षी पावसाच्या पाण्यावर सहस्रांश मीटर वाढून. जतन करण्याची ह्याहून दुसरी खात्रीची रीत अद्याप कोणास सापडलेली नाही.